प्रकल्प व्यवस्थापनातील लेखी संप्रेषण : एका तलावाच्या कागदपत्रांच्या आधारे

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.
- प्रकल्पात लेखी संप्रेषणाची गरज का भासते, हे स्पष्ट करता येईल.
- प्रकल्पाच्या टप्प्यांनुसार कोणते लेखन करावे लागते, हे सांगता येईल.
- सभेचे इतिवृत्त निःसंदिग्ध मराठीत लिहिता येईल.
- कार्यालयीन मराठीतील कर्ता, परिभाषा आणि मापे यांविषयीचे दोष ओळखून ते दूर करता येतील.

१. प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराचे स्वरूप पाहिले. एखादे पत्र सुटे असते. त्याला उत्तर मिळाले की बहुधा त्याचे काम संपते. प्रकल्पातील लेखनाचे तसे नसते. तेथे एक कागद दुसऱ्या कागदाला जन्म देतो. ठरावातून अंदाजपत्रक, अंदाजपत्रकातून मान्यता, मान्यतेतून आदेश, आदेशातून हजेरीपट आणि मोजमाप, मोजमापातून देयक अशी ही साखळी असते. तिची एक कडी निसटली, तर पुढचे काम अडते. आणि एक कडी संदिग्ध असली, तर पुढे वाद उभा राहतो.

‘प्रकल्प’ म्हटले की मोठे धरण किंवा कारखाना डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ठरावीक उद्दिष्ट, ठरावीक मुदत, ठरावीक निधी आणि ठरावीक माणसे असलेले कोणतेही काम हा प्रकल्पच असतो. शाळेची खोली बांधणे, गावाचा इतिहास संकलित करणे, बचत गटाचा उद्योग उभारणे किंवा तलावातील गाळ काढणे ही सर्व कामे या व्याख्येत बसतात. आपल्यापैकी अनेकजण ग्रामपंचायत, सहकारी संस्था, शाळा किंवा बचत गट यांच्या कामात सहभागी असतील. त्यामुळे हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही.

विवेचनासाठी आपण भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्याचा, विशेषतः सानगडीच्या परिसराचा आधार घेणार आहोत. जुन्या किल्ल्याचे अवशेष सांभाळणारे सानगडी हे गाव धानाच्या पट्ट्यात वसलेले आहे. या पट्ट्यातील शेती शतकानुशतके तलावांवर आणि बोड्यांवर अवलंबून राहिली आहे. तलावाचे पाणी कोणाचे, किती आणि केव्हा, हा प्रश्न येथे धानाच्या पिकाइतकाच जुना आहे. लेखी संप्रेषण चांगले किंवा वाईट असल्याने नेमके काय घडते, हे समजून घेण्यासाठी तलावासारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

२. प्रकल्पाला लेखनाची गरज का असते?

चार माणसे एका बांधावर उभी राहून काम ठरवू शकतात. मग कागद कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण अंतराचे आहे. ठराव गावात होतो, अंदाजपत्रक तालुक्याला तयार होते, मान्यता जिल्ह्याला मिळते. निर्णय घेणारा अधिकारी तलावाच्या पाळीवर कधी आलेला नसतो. आणि पाळीवर राबणारा मजूर त्या अधिकाऱ्याला कधी भेटलेला नसतो. या दोघांमध्ये कागद हाच एकमेव दुवा असतो. बोलताना आपण हातवारे करतो, बोट दाखवतो, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याला समजले की नाही हे ओळखतो. लिहिताना यांपैकी कशाचाही आधार नसतो. म्हणून जे बोलताना गृहीत धरता येते, ते लिहिताना शब्दांत मांडावे लागते.

दुसरे कारण काळाचे आहे. प्रकल्प टिकतो, माणसे बदलतात. महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांविषयी २००५ साली जो अधिनियम झाला, त्यात एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा मानला आहे. म्हणजे पाच वर्षे चालणाऱ्या कामात अभियंता किमान एकदा बदलणार, हे गृहीतच धरावे लागते. याच जिल्ह्यातील गोसीखुर्द प्रकल्पाचे उदाहरण घेऊ. वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्या पुढे गेला. पायाभरणीच्या वेळी सेवेत असलेल्या किती अधिकाऱ्यांनी त्याचे कालवे वाहताना पाहिले असतील? इतक्या दीर्घ कामात कोणत्या गावाला काय आश्वासन दिले होते, हे माणसांच्या स्मरणावर सोडता येत नाही. ते कागदावर असेल तरच नव्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचते.

तिसरे कारण उत्तरदायित्वाचे आहे. काम कोणी करायचे होते, केव्हा करायचे होते आणि ते झाले की नाही, हे लेखी नोंदीशिवाय तपासता येत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मुळे नागरिकाला अभिलेख पाहण्याचा हक्क मिळाला. परंतु जे लिहिलेच गेले नाही, ते मागता येत नाही. नोंद नसेल तेथे हा हक्क दुबळा होतो.

या तिन्ही कारणांतून एक सूत्र हाती येते : प्रकल्पातील लेखन हे अनुपस्थित वाचकासाठी असते. तो वाचक दूर असेल, उद्या येणारा असेल किंवा तपासणी करणारा असेल. लिहिताना तो समोर आहे असे मानून नव्हे, तर तो समोर नाही हे लक्षात ठेवून लिहावे लागते.

३. मालगुजारी तलाव : कागदाने जपलेला हक्क

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. त्यांना ‘मालगुजारी तलाव’ किंवा संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांतील अनेकांची उभारणी चांद्याच्या गोंड राजांच्या काळापासून होत आली आणि त्या कामात कोहळी समाजाचे कौशल्य मोठे होते. उतार ओळखणे, मातीची पाळ घालणे, पाणी सोडण्यासाठी तुडुम बसवणे, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सलंग ठेवणे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले.

इंग्रजी अमलात १८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि पुढे जमाबंदीत गावांचे मालकी हक्क मालगुजारांना मिळाले. तलाव मालगुजाराच्या मालकीचा मानला गेला, तरी त्याच्या पाण्यावर रयतेचे पूर्वापार हक्क होते. गावातील अशा चालीरीतींची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात होऊ लागली. सिंचनाचे पाणी, जाण्यायेण्याची वाट, मासेमारी यांसारख्या बाबींविषयी गावात जी वहिवाट होती, ती या कागदात उतरली. गावाच्या सामाईक वापराच्या गोष्टी, म्हणजे चराई, जळण, माती इत्यादी, ‘निस्तार’ या शब्दाने ओळखल्या जात. त्यांची नोंद पुढे ‘निस्तारपत्रक’ म्हणून स्थिर झाली.

आता या कागदाचा प्रवास पाहा. १९५० च्या कायद्यानुसार १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पुढे जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. १०० हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमतेचे लहान तलाव साधारणतः त्यांच्या देखरेखीखाली आले. राज्ये बदलली, खाती बदलली, राजभाषेची धोरणे बदलली. मात्र पाणीपट्टीचा प्रश्न निघाला तेव्हा शेतकऱ्यांनी आधार घेतला तो निस्तार हक्कांच्या जुन्या नोंदींचाच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्येही निस्तारपत्रक (कलम १६१) आणि वाजिब-उल-अर्ज (कलम १६५) यांना स्थान आहे.

या उदाहरणातून दोन बोध घ्यायचे आहेत. चांगली नोंद तिच्या लेखकापेक्षा आणि तिच्या राजवटीपेक्षाही अधिक काळ टिकते, हा पहिला. दुसरा काहीसा कटू आहे. जी वहिवाट नोंदली गेली, तिचा दाखला देता आला. जी नोंदली गेली नाही, ती सिद्ध करणे अवघड झाले. लेखन हक्काचे रक्षण करते. परंतु लेखणी ज्याच्या हाती, त्याने जे वगळले ते हळूहळू नाहीसे होते. म्हणून प्रकल्पात काय लिहिले जाते याइतकेच कोणाचे लिहिले जाते, हेही पाहावे लागते.

४. प्रकल्पाचे टप्पे आणि त्यांचे लेखन

समजा, सानगडी परिसरातील एका लहान तलावाचा गाळ काढून पाळ दुरुस्त करायची आहे. (हे उदाहरण अभ्यासासाठी कल्पिलेले आहे.) या कामात पुढील टप्प्यांवर लेखन होते.

(अ) मागणी व ठराव : ग्रामसभेचा ठराव हा या साखळीतील पहिला कागद. त्यात तलावाचे नाव, गट क्रमांक, कामाचे स्वरूप, लाभ घेणारे शेतकरी आणि कामाची निकड यांचा उल्लेख हवा. ‘गावातील तलावाची दुरुस्ती व्हावी’ एवढ्याच ठरावावरून कोणालाही अंदाजपत्रक करता येत नाही. गावात एकाहून अधिक तलाव आणि बोड्या असतील, तर कोणता तलाव, हाच प्रश्न परत येतो आणि त्या एका पत्रापायी आठवडे जातात.

(आ) अंदाजपत्रक व मान्यता : सर्वेक्षणानंतर कामाची परिमाणे, दर आणि एकूण खर्च मांडला जातो. ‘हे काम करावे का’ याचे उत्तर प्रशासकीय मान्यता देते. ‘ते या पद्धतीने करणे योग्य आहे का’ याचे उत्तर तांत्रिक मान्यता देते. दोन्ही मान्यता भिन्न आहेत. एकीचा उल्लेख दुसरीच्या जागी करू नये.

(इ) कार्यारंभ आदेश : काम कोणी, कोणत्या दिवशी सुरू करावे आणि केव्हा संपवावे, हे या आदेशात असते. धानाच्या प्रदेशात तारखेचे महत्त्व विशेष आहे. तलावातील पाणी उन्हाळ्यात उतरते, तेव्हाच गाळ काढता येतो. मृगाच्या पावसानंतर तलाव पुन्हा भरू लागतो. एप्रिलमध्ये निघायला हवा असलेला आदेश मेअखेरीस निघाला, तर उशीर कागदावर महिनाभराचा दिसतो, प्रत्यक्षात मात्र पूर्ण वर्ष वाया जाते. बदल्यांविषयीच्या ज्या अधिनियमाचा उल्लेख वर आला, त्याच्या नावातच विलंबास प्रतिबंध हे शब्द आहेत. कोणतीही नस्ती एका टेबलावर सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे. पत्र पाठवणाऱ्याने पत्रातच मुदतीचे कारण लिहिले, तर या अपेक्षेला बळ येते. उदाहरणार्थ : “पावसाळ्यापूर्वी पाळीचे दबाईकाम पूर्ण होणे आवश्यक असल्याने १० एप्रिलपूर्वी आदेश मिळावा.”

(ई) हजेरीपट व मोजमाप : रोजगार हमीच्या कामात या नोंदींना असाधारण महत्त्व आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ सालच्या केंद्रीय कायद्याने कामाच्या लेखी मागणीला कायदेशीर वजन दिले. मजुराने अर्ज करावा, त्याला दिनांक घातलेली पोचपावती मिळावी आणि १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता द्यावा, अशी तरतूद त्यात झाली. येथे ‘दिनांक’ या एका शब्दाचे मोल लक्षात घ्या. पावतीवर तारीख नसेल, तर १५ दिवस मोजायचे कोठून? पावती हातात असूनही भत्त्याचा हक्क सिद्ध करता येत नाही.

मोजमाप पुस्तिकेची शिस्तही अभ्यासण्याजोगी आहे. तिच्या पानांवर छापील क्रमांक असतात, नोंदी शाईने करतात, चुकलेला आकडा खोडरबराने पुसत नाहीत. त्यावर रेघ मारून शेजारी योग्य आकडा लिहितात आणि आद्याक्षरी करतात. चूक झाकायची नाही, ती दिसू द्यायची आणि दुरुस्तीही दिसू द्यायची, हा त्यामागील विचार आहे. प्रकल्पातील सर्वच लेखनाला तो लागू पडतो.

(उ) पूर्णत्व व हस्तांतरण : काम संपले म्हणजे लेखन संपले असे नाही. पूर्ण झालेल्या कामाचे वर्णन, शिल्लक राहिलेल्या बाबी, देखभालीची जबाबदारी आणि नकाशे हे सर्व पुढील यंत्रणेच्या स्वाधीन करावे लागते. दुरुस्त झालेला तलाव चार वर्षांत पुन्हा नादुरुस्त होतो, तेव्हा पुष्कळदा देखभाल कोणी करायची हे कोठेच लिहिलेले नसते.

५. इतिवृत्ताचे लेखन

प्रकल्पात सर्वाधिक वेळा लिहावा लागणारा आणि सर्वाधिक हलगर्जीपणे लिहिला जाणारा कागद म्हणजे सभेचे इतिवृत्त. पुढील नमुना वाचा.

नमुना १

“तलाव दुरुस्तीबाबत सविस्तर चर्चा झाली. गाळ काढण्याचे काम लवकरात लवकर सुरू करण्यात यावे, तसेच पाण्याबाबत संबंधितांशी बोलून योग्य ती कार्यवाही करण्यात यावी, असे सर्वानुमते ठरले.”

ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. त्यांची भाषाही औपचारिक आहे. तरीही हे इतिवृत्त निरुपयोगी आहे. काम कोणी सुरू करायचे? ‘लवकरात लवकर’ म्हणजे केव्हा? ‘संबंधित’ कोण? ‘योग्य ती कार्यवाही’ कोणती? पुढच्या सभेत हे इतिवृत्त वाचून दाखवले, तर काहीही झाले नसूनही कोणालाच दोष देता येणार नाही. आता त्याच सभेचे दुसरे इतिवृत्त पाहू.

नमुना २

“निर्णय १ : तलावातील शिल्लक पाणी ५ एप्रिलपासून तुडुमातून (विमोचकातून) सोडावे. मच्छीमार संस्थेसाठी मधल्या खोलगट भागातील पाणी राखावे. जबाबदारी : पाणीवाटप समितीचे अध्यक्ष. संस्थेला याची लेखी सूचना २८ मार्चपर्यंत ग्रामपंचायतीचे सचिव देतील.

निर्णय २ : गाळ शेतात नेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांनी १ एप्रिलपर्यंत ग्रामपंचायतीत नाव नोंदवावे. यादी रोजगार सेवक तयार करतील आणि २ एप्रिल रोजी फलकावर लावतील.

निर्णय ३ : सांडव्याची (सलंगाची) उंची वाढवण्याबाबत मतभेद आहे. उंची वाढवल्यास आपल्या बांध्या पाण्याखाली जातील, असे तलावाच्या वरच्या अंगाच्या तीन शेतकऱ्यांनी सांगितले. शाखा अभियंत्यांनी पातळी मोजून १५ एप्रिलपर्यंत लेखी अभिप्राय द्यावा. तोपर्यंत उंचीत बदल करू नये.”

दुसऱ्या नमुन्यातील वाक्ये काही अधिक डौलदार नाहीत. फरक एवढाच की प्रत्येक निर्णयात काम, करणारा आणि मुदत या तिन्ही गोष्टी आहेत. तिसरा निर्णय विशेष लक्षपूर्वक वाचावा. पहिल्या नमुन्यातील ‘सर्वानुमते’ या शब्दाने तीन शेतकऱ्यांचा आक्षेप पुसून टाकला होता. दुसऱ्या नमुन्यात तो आक्षेप त्याच्या कारणासह नोंदला गेला. पावसाळ्यात त्या बांध्या खरोखरच बुडाल्या असत्या, तर ‘तुम्ही सभेत संमती दिली होती’ असे त्यांना ऐकावे लागले असते आणि त्यांच्यापाशी उत्तर नसते. इतिवृत्त लिहिणाऱ्याचे इमान अशा जागी कसाला लागते. मतभेद नोंदणे म्हणजे सभेला कमीपणा आणणे नव्हे. मतभेदाचा निकाल कसा लावायचा हे ठरवण्याची ती पहिली पायरी आहे.

इतिवृत्त सभेनंतर शक्यतो दोन-तीन दिवसांत लिहून उपस्थितांना द्यावे आणि हरकती मागवाव्यात. उशिरा लिहिलेले इतिवृत्त हे सभेचे नसते, लिहिणाऱ्याच्या आठवणीचे असते.

६. भाषाविषयक तीन प्रश्न

६.१ हरवलेला कर्ता

कार्यालयीन मराठीत ‘करण्यात यावे’, ‘कळविण्यात येते’, ‘पाहणी करण्यात आली’ अशा रचना सर्रास आढळतात. या रचनेत कर्ता सांगण्याची सक्ती नसते. मराठीचे व्याकरण तशी मुभा देते. नियम सांगताना किंवा सूचना देताना ही रचना सोयीची असते. परंतु जबाबदारी सांगताना तिच्यामुळे करणारा माणूस वाक्यातून निघून जातो. ‘पाळीची पाहणी करण्यात येईल’ आणि ‘शाखा अभियंता ३ एप्रिल रोजी पाळीची पाहणी करतील’ या दोन वाक्यांतील अंतर केवळ शैलीचे नाही. पहिल्या वाक्यात इच्छा आहे, दुसऱ्यात बांधिलकी आहे. म्हणून एक साधा नियम पाळावा : जेथे काम सोपवायचे आहे, तेथे कर्तरी रचना वापरावी आणि कर्ता पदनामाने लिहावा. व्यक्तीचे नाव लिहिले, तर बदली होताच जबाबदारी निराधार होते. पदनाम लिहिले, तर ती नव्या माणसाकडे जाते.

६.२ दोन बोली, एक तलाव

अभियंता ‘विमोचक’ आणि ‘सांडवा’ लिहितो. गावकरी ‘तुडुम’ आणि ‘सलंग’ म्हणतात. कागदावर ‘कालवा’ असतो, तोंडी ‘नहर’ असते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर राज्यकारभाराचे मराठीकरण वेगाने झाले आणि भाषा संचालनालयाने परिभाषा कोश व शासन व्यवहार कोश सिद्ध केले. प्रमाण परिभाषेमुळे साकोलीचे अंदाजपत्रक नागपुरात आणि मुंबईतही एकाच अर्थाने वाचले जाते, हा तिचा मोठा लाभ आहे. परंतु ज्याच्या शेतात पाणी जायचे आहे, त्याला तोच कागद परका वाटत असेल, तर त्याची संमती नावापुरती राहते. झाडीबोलीतील शब्द अशुद्ध नाहीत. या मातीत तलाव बांधणाऱ्यांची ती परिभाषाच आहे. तेव्हा प्रमाण शब्द लिहून प्रथम उल्लेखाच्या वेळी कंसात स्थानिक शब्द द्यावा, किंवा उलट क्रम ठेवावा. एकदा स्वीकारलेला शब्द मात्र शेवटपर्यंत बदलू नये. ललित लेखनात एकाच वस्तूसाठी निरनिराळे शब्द योजणे हे भाषाप्रभुत्व ठरते. प्रकल्पलेखनात त्यामुळे एकाच्या दोन वस्तू होतात.

६.३ मापे आणि आकडे

गावात गाळ आणि मुरूम ‘ब्रास’मध्ये मोजतात, अंदाजपत्रकात घनमीटर असतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. ‘५०० गाळ काढला’ अशी नोंद दोन्ही अर्थांनी वाचली, तर उत्तरात जवळजवळ तिपटीचा फरक पडतो. आणि मजुरी कामाच्या मोजमापावर ठरत असेल, तर तो फरक मजुराच्या ताटातील असतो. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत एकक लिहावे, महत्त्वाची रक्कम अंकी व अक्षरी द्यावी आणि तारखेत वर्ष गाळू नये.

७. लेखनाच्या मर्यादा

लेखी संप्रेषणाचा गौरव करताना त्याच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. हे तलाव बांधले गेले आणि दीर्घकाळ चालले ते बहुतांशी तोंडी व्यवहारावर आणि परस्परांच्या विश्वासावर. विश्वास नसेल तेथे कागदांची चळत वाढते, काम वाढत नाही. दुसरे म्हणजे, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी फलकावरचा कागद मुका असतो. म्हणूनच ग्रामसभेत कागद वाचून दाखवण्याला अर्थ आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेमार्फत सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली, तिचे मर्म हेच आहे : हजेरीपटावरील नावे मोठ्याने वाचली जातात, आणि ज्यांची ती नावे आहेत ती माणसे समोर बसून ऐकतात. लिहिलेले आणि घडलेले यांची गाठ तेथे पडते.

आज भ्रमणध्वनीवरील गटांमधून निरोप क्षणात पोहोचतात. पाऊस आला, ट्रॅक्टर बंद पडला, मजूर कमी आले, अशा निरोपांसाठी हे साधन उत्तम आहे. पण निर्णय तेथेच सोडू नये. फोन बदलला की निरोप जातात, गटातून माणूस बाहेर पडला की संदर्भ तुटतो. संदेशाने कळवावे, बोलून समजवावे आणि लिहून कायम करावे, असा क्रम ठेवला तर तिन्ही साधने एकमेकांना पूरक ठरतात.

८. सारांश

प्रकल्पातील लेखन हे दूरच्या, उद्याच्या आणि तपासणाऱ्या वाचकासाठी असते. मालगुजारी तलावांच्या नोंदींवरून असे दिसते की नीट लिहिलेला कागद राजवटी ओलांडून हक्काचा पुरावा ठरतो. तर न लिहिलेली वहिवाट सिद्ध करणे कठीण होते. ठरावापासून हस्तांतरणापर्यंत प्रत्येक कागदात काम, कर्ता आणि मुदत यांचा स्पष्ट उल्लेख हवा. कर्ता झाकणारी रचना, बदलत जाणारे शब्द आणि एकक नसलेले आकडे हे तीन दोष विशेषत्वाने टाळावेत. चांगल्या प्रकल्पलेखनाची कसोटी सोपी आहे : धानाला शेवटचे पाणी हवे असते त्या दिवशी, नहरेच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला त्या कागदाच्या आधारे आपले पाणी मागता आले पाहिजे.

पारिभाषिक शब्द

इतिवृत्त : सभेतील चर्चा व निर्णय यांची अधिकृत नोंद.
नस्ती : एका विषयाच्या कागदपत्रांचा एकत्रित संच, फाइल.
निस्तार : गावाच्या सामाईक साधनांचा रहिवाशांनी करावयाचा वापर.
वाजिब-उल-अर्ज : गावातील सिंचन, वाट, मासेमारी इत्यादींविषयीच्या वहिवाटीची नोंद.
विमोचक (तुडुम) : तलावातून सिंचनासाठी पाणी सोडण्याची रचना.
सांडवा (सलंग) : तलावातील जादा पाणी वाहून जाण्याची रचना.
बांधी : धानाचे बांध घातलेले शेत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता यांत कोणता फरक आहे?
२. जबाबदारी सोपवताना व्यक्तीच्या नावाऐवजी पदनाम का लिहावे?
३. मोजमाप पुस्तिकेतील चुकीची नोंद कशी दुरुस्त करतात?

(आ) पुढील वाक्ये कर्ता, काम आणि मुदत स्पष्ट होईल अशा रीतीने पुन्हा लिहा.
१. तुडुमाची दुरुस्ती यथावकाश करण्यात येईल.
२. लाभार्थ्यांची यादी संबंधितांकडून मागविण्यात यावी.

(इ) दीर्घोत्तरी प्रश्न
‘लेखन हक्काचे रक्षण करते, परंतु लेखणी ज्याच्या हाती, त्याने जे वगळले ते हळूहळू नाहीसे होते.’ या विधानाची मालगुजारी तलावांच्या आधारे चर्चा करा.

(ई) क्षेत्रीय कार्य
आपल्या गावातील किंवा प्रभागातील पूर्ण झालेले एक सार्वजनिक काम निवडा. त्याचा ठराव किंवा इतिवृत्त ग्रामपंचायतीत अथवा संबंधित कार्यालयात पाहण्यास मागा. त्यात काम, कर्ता आणि मुदत यांचा उल्लेख आहे का, ते तपासा. त्या कामाचा लाभ घेणाऱ्या एका व्यक्तीला तो मजकूर वाचून दाखवा, तिला कोणते शब्द समजले नाहीत याची नोंद करा आणि तोच मजकूर सुमारे २०० शब्दांत नव्याने लिहा.